पट्टीवरची हाळी

"मागं सर."

"तुम्ही सरा, अक्का. मी निम्म्याच्या पुढं आलोय."

"निम्मं कुठलं ते मला नको शिकवू. हाळी कुणी दिली?"

"तुम्ही."

"ऐकलीस?"

"ऐकली."

"मग ओ का नाही दिलीस?"

पाठाऱ्यांच्या डाव्या खांद्याला कातळ, उजव्या बुटाखाली दरी, आणि समोर हातभर अंतरावर राहीअक्का, कमरेवर हात ठेवून. पंचाहत्तरीची बाई, अनवाणी. वाऱ्याने तिचा पदर फडफडत होता, ती मात्र हलत नव्हती.

"मी मौनात होतो," पाठारे म्हणाले.

"मौनात? आणखी चार पावलं मागं, वळणावर धडक झाली असती, तर कायमचा मौनात गेला असतास. मलाही घेऊन."

मोरखणगडाच्या कमरेला कड्यातली ही अरुंद पट्टी आहे. गडाचा वळसा तसा अवघड नाही. दरवाज्यातून निघावं, टाक्यावरून, माचीवरून फिरत पुन्हा दरवाज्यात यावं. म्हातारीकोतारीही जात असत. अवघड जागा ही एवढीच. एका वेळी एका माणसाची.

म्हणून तिला रिवाज आहे. दोन्ही टोकांना एकेक शेंदरी धोंडा. धोंड्याशी उभं राहून हाळी द्यायची. मग बायांनी पदराची गाठ सोडून पुन्हा बांधायची, बाप्यांनी पटक्याची. तेवढ्यात पलीकडून ओ आली, तर आपण थांबायचं. नाही आली, तर निघायचं. गवताचे भारे, मधाची गाडगी, रुसून माहेरी निघालेल्या सुना, सगळं या पट्टीवरून असंच गेलं. कुणी कुणावर आदळलं नाही.

आता पलीकडची वाडी उठून खाली सडकेला गेली, त्याला बारा वर्षं झाली. वरून नुसत्या भिंती दिसतात, छपरं नाहीत. वर उरली राहीअक्का. देवीच्या देवळाची झाडलोट करते, दिवा लावते, रोज एक वळसा घालते. आणि रोज पट्टीशी थांबून, मोकळ्या दरीला हाळी देऊन, पदराची गाठ सोडते, बांधते...

पाठाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी पाहिलं होतं आणि त्यांना हसू आलं होतं.

"माझ्याकडे पदरही नाही, पटकाही नाही," ते म्हणाले होते.

"बुटाला नाडी असंल की."

माणूस मोजणी खात्यातून निवृत्त झालेला. दोनशे अकरा किल्ले पायाखाली घातलेले, एकेकाची नोंद वहीत. अशा माणसाला वाटतं, वाट चालला म्हणजे वाट कळली. आठ दिवसांमागे तो पाठीवर भलीमोठी सॅक घेऊन वर आला आणि देवळाच्या पायरीवर बसून म्हणाला, "अक्का, मला कायमचं इथं ठेवून घ्या. एकटं कसं राहायचं, ते तुमच्याकडून शिकायचंय."

"का रे बाबा?"

"मला आता कुणी नाही."

राहीअक्का हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. भाकरी वाढली. सात दिवस झाडायला लावलं, टाक्यातलं शेवाळ काढायला लावलं. पाठाऱ्यांनी दोन्ही केलं आणि दोन्हीबद्दल वहीत लिहिलं.

आज सकाळी ती म्हणाली, "तू या अंगानं जा, मी त्या अंगानं येते. वळसा पुरा झाला की सांगते, राहायचं का जायचं."

दरवाज्याच्या बुरुजावर तेवढी रेंज येते. निघता निघता पाठाऱ्यांचा फोन वाजला. त्यांनी पाहिलं आणि तसाच वाजता खिशात टाकला.

"कोण?"

"मुलगी. नाशिकला असते."

"मग बोल की."

"जेवलात का विचारणार, मग रडणार. नंतर बघू."

"काल बी नंतरच म्हणालास."

पाठारे उजवीकडे चालू लागले होते.

...आणि आता हे असं. मधोमध.

"पाठीवर एवढी सॅक," पाठारे म्हणाले. "मागे सरताना तोल गेला तर?"

"रिवाज सांगतो, ओ न देणाऱ्यानं मागं सरायचं."

"रिवाज माणसं होती तेव्हाचा. आता इथे आपण दोघंच. मी कुठे आहे, ते तुम्हाला ठाऊक होतं."

"तू माचीवर फोटो काढत बसला असशील, असं वाटलं. गाठ सोडली, बांधली. ओ नाही. निघाले."

"मग चूक दोघांची."

राहीअक्काने त्यांच्याकडे पाहिलं.

"बरं," ती म्हणाली.

आणि चुलीपुढून उठून फडताळाकडे वळावं, तशी ती त्या वीतभर जागेत वळली आणि आल्या वाटेने परत गेली.

पाठारे जिंकले. तिथंच उभे राहिले. खाली कुठं तरी एक घार गोल फिरत होती. वाडीच्या भिंती उन्हात पांढऱ्या दिसत होत्या. जिंकल्यावर एवढं ओकंओकं का वाटावं, ते त्यांना कळेना.

पलीकडच्या धोंड्याशी पोचून राहीअक्का फिरली. तोंडाशी हात धरले.

"पट्टीवर कोण हाय होऽऽऽ?"

पाठाऱ्यांना हसू फुटलं. "अहो, दिसतोय की मी!"

ती ऐकलंच नाही अशी उभी. त्यांनी पाऊल उचललं.

"पाऊल टाकू नको!"

पाऊल हवेतच राहिलं, मग मागे आलं.

तिने पदराची गाठ सोडली. बांधली मात्र नाही. दोन्ही टोकं दोन हातांत धरून उभी राहिली. वारा आला, गेला. पुन्हा आला...

पाठाऱ्यांनी तोंड उघडलं. आवाज येईना. चार महिन्यांत त्यांनी कुणालाच ओ दिली नव्हती. दारावर वाजवणाऱ्या शेजाऱ्याला नाही, फोनला नाही.

"ओ..."

"ऐकू नाही आलं!"

"ओऽऽऽ!"

कड्याने ती ओ उचलली आणि परत फेकली. पाठाऱ्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते वाऱ्यावर ढकललं.

राहीअक्काने गाठ बांधली. "ये आता."

ते आले. धोंड्याशी बसले. तिने कमरेची तांब्याची लोटी पुढे केली. ते प्यायले. दोघं दरवाज्यापर्यंत चालली. तिथं ती थांबली आणि खाली खिंडीत उतरणाऱ्या पायऱ्यांकडे बोट केलं.

"वळसा पुरा झाला. ऊन चढायच्या आत उतर."

पाठाऱ्यांचा चेहरा उतरला, मग लाल झाला.

"एकदा ओ दिली नाही म्हणून हाकलता?"

"हाकलत नाही. वाट दाखवते."

"कुठली वाट? खाली काय आहे माझं? माझी बायको सुमती गेली त्या दिवसापासून रोज घरात हाक मारतोय मी, अक्का. सवयीनं. चहा टाकलाय गं, म्हणून. चार महिने! ओ नाही. तुम्ही राहता ना इथं एकट्या? मग मला का नाही?"

"मी एकटी राहते होय?"

"नाही तर काय! बारा वर्षं त्या मोकळ्या वाडीला हाळी घालताय. कोण येणार आहे पट्टीवर? मोजणी केलेला माणूस आहे मी, मला वेड्यात काढू नका. हाक मारली, ओ आली नाही, म्हणजे तिथं कुणी नाही. साधी गोष्ट आहे!"

बुरुजावरून वारा आला. पाठाऱ्यांच्या खिशात फोन थरथरला, वाजू लागला...

राहीअक्का पाठ फिरवून देवळाकडे निघाली होती. ती थांबली.

"मघाशी माझ्या हाळीला ओ आली नव्हती, पाठारे, आणि पट्टीवर तू होतास."