दांडी समतल होईना

“तुला भूक लागली म्हणून पाटकऱ्यांनी उपाशी राहायचं? कुठलं शहाणपण हे, भद्रसेना?”

“आई, नियम मी केलेला नाही. आणि भर सभेत एकेरी नको.”

“सभेत मूर्खपणा चालतो, मग एकेरीही चालेल.”

कुंदपूर नगरात हा भद्रसेन राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वांनी त्याची आई, राजमाता क्षेमवती, म्हणून जन्म घेतला होता. होय, बाईचा जन्म. नाक मुरडायचं त्यांनी खुशाल मुरडावं.

भद्रसेनाच्या पणज्याने रंगमहालांपायी भांडार रिकामं केलं होतं. तेव्हापासून घराण्यात एक नियम होता. वर्षअखेरीला सभेत मोठा तराजू उभा करायचा. एका पारड्यात वर्षाच्या उत्पन्नाचे खडे, दुसऱ्यात खर्चाचे. दांडी समतल होईपर्यंत राजाने अन्नाला शिवायचं नाही. उधळ्या राजांसाठी नियम चांगलाच होता.

मग एका वर्षी पाऊस कमी झाला आणि उत्पन्नाचं पारडं वर गेलं. कोशपाल वज्रकाने राजाचे विणकर कामावरून काढले, त्यांच्या नावाचे खडे उचलले. दांडी जुळली, राजा जेवला. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, तरी दांडी कललीच. तेव्हा गवंडी गेले. आता पुन्हा कलली होती, आणि पाळी होती कालव्याचं पाणी शेतोशेत फिरवणाऱ्या पाटकऱ्यांची. ते बायकापोरांसह सभेच्या दाराशी उभे होते.

वज्रक राजमातेला हळूच म्हणाला, “आपल्या महालाच्या खड्यांना आम्ही हात लावणार नाही.”

“मला लाच देतोस, मेल्या? आधी माझेच काढ.” तिने ते स्वतः उचलून फेकले. दांडी हलली, जुळली नाही. “आता काढ पाटकऱ्यांचे.”

वज्रकाने काढले. दांडी समतल झाली. राजाने हात धुवायला पाणी मागवलं.

“थांब. पाणी फिरवणारा नसला, तर भातावरचा शेतसारा कोण देणार?” तिने उत्पन्नाच्या पारड्यातून मूठभर खडे उचलले. “पाटकरी बाजारात तेल, मीठ, कापड घेतो. गिऱ्हाईक गेलं, की दुकानदार जकात कुठून भरणार?” आणखी एक मूठ. दांडी पहिल्याहून जास्त कलली.

“विणकर गेले तेव्हा हेच झालं,” भद्रसेन पुटपुटला. “मग मी जेवायचं कधी?”

“सुकाळात उरलेलं सोनं तळघरात पडलंय. ते घाल पारड्यात.”

“ते या वर्षाचं नव्हे!” वज्रक ओरडला. “साठा फोडण्यापेक्षा माणसं कमी केलेली बरी. माणसं म्हणजे खर्चच!”

यावर राजमाता एकच वाक्य बोलली, आणि वज्रकाने तळघराची किल्ली काढून दिली. तळघर उघडलं. पाटकरी कामावर राहिले, विणकर आणि गवंडी परत आले. राजा उशिरा का होईना, जेवला.

ही कथा भिक्षूंना सांगून त्यांचे गुरू, शास्ते, म्हणाले, तेव्हाचा राजा म्हणजे आजचा माझा शिष्य आनंद, पाटकरी म्हणजे हा भिक्षुसंघ, आणि राजमाता म्हणजे मीच. वज्रक कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. तो पुष्कळदा जन्माला येतो. ही प्रज्ञेची पारमिता, म्हणजे शहाणपणाची पूर्णता. करुणा तिच्यात आलीच. राजमातेचं ते वाक्य असं होतं:

“वज्रका, खर्चाच्या पारड्यातून तू ज्याला खाली उतरवतोस, तोच माणूस उत्पन्नाच्या पारड्यातही उभा असतो.”