आकाराम गुपित राखतो

एका गावात एक भोळा गडी होता. आकाराम त्याचं नाव. पाणी आण म्हटलं तर आणायचा. बास म्हणायचं राहिलं तर आणतच राहायचा. पाटलांच्या घरच्या लग्नात असंच बास म्हणायचं राहिलं. पहिल्या पंगतीनं पाय वर घेऊन जेवण केलं.

हा आकाराम गौराक्का तोडकरांच्या डंकावर कामाला होता. डंक म्हणजे मिरची कांडायचं यंत्र. उन्हाळा लागला की आसपासच्या गावांतल्या बाया वर्षाची चटणी करून घ्यायला तिथं यायच्या. मिरची डंकात पडली की समोर बसायच्या आणि नजर हलवायच्या नाहीत. आपली ब्याडगी जाईल आणि दुसरीची लवंगी डब्यात येईल, ही धास्ती. एका बाईला तर डंकासमोरच कळा सुरू झाल्या. पण तिनं आधी चटणी चाळून घेतली, डब्यात भरली, झाकण दाबलं आणि मगच दवाखान्यात गेली. पोरगी झाली. रडायच्या आधी शिंकली म्हणतात.

पण गौराक्काचं दुकान खरं चालायचं ते तिच्या घरच्या कांदा-लसूण मसाल्यावर. त्यात ती एक चीज घालायची. कोणती, ते कुणाला ठाऊक नव्हतं. नवऱ्यालाही तिनं सांगितलं नव्हतं. तो बिचारा शेवटपर्यंत दगडफूल समजत राहिला. समोरच्या बाजूला दुंडाप्पा कोऱ्याचं दुकान. त्याचाही डंक, त्याचाही मसाला, पण गिऱ्हाईक अक्काकडं. "ती चीज एकदा कळू दे," दुंडाप्पा चारचौघांत बोलायचा, "पुढच्या उन्हाळ्याला अक्काच्या डंकावर चिमण्या बसतील."

त्या चिजेची भाजणी आतल्या खोलीत आकाराम करायचा. अक्कानं विचार करूनच त्याला नेमला होता. हुशार गडी उद्या स्वतःचं दुकान काढतो. आकाराम काय काढणार? विचार चुकीचा नव्हता. जरा अपुरा होता.

त्या वर्षी फोन लावला की पलीकडचा माणूस बोलायच्या आधी एक बाई बोलायची, अनोळखी माणसाला माहिती देऊ नका म्हणून. अक्काला ते फार पटलं. तिनं आकारामला बोलावलं.

"आकाराम, दिवस वाईट आल्यात. कुणी काय विचारलं तर सांगायचं न्हाई."

"व्हय अक्का. ध्यानात ठेवतो."

आणि आकारामनं ध्यानात ठेवलं.

दुपारी परगावची एक बाई आली. डोक्यावर मिरचीचं पोतं.

"कांडपाचा दर काय रं?"

"सांगायचं न्हाई."

"बरं, संध्याकाळपतूर हुईल का?"

"सांगायचं न्हाई."

"मालकीणबाई कुठं हायत?"

"सांगायचं न्हाई."

"अरं, मग तू हितं कशाला बसलाईस?"

"ते तर मुळीच सांगायचं न्हाई."

बाईनं पोतं तसंच उचललं आणि रस्ता ओलांडून दुंडाप्पाकडं गेली.

अक्कानं कपाळाला हात लावला. "अरं, विचारणारं कोण, ते आधी बघायचं! ओळखपत्र मागायचं, फोटो जुळवायचा. ओळख पटली की बोलायचं, न्हाई पटली तर दारातनं वाटंला लावायचं."

"व्हय अक्का. ध्यानात ठेवतो."

आणि आकारामनं ध्यानात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी इचलकरंजीहून अक्काचे जावई आले. घामानं भिजलेले, हातात मिठाईचा पुडा. आकाराम दारात आडवा झाला.

"ओळखपत्र?"

"आकाराम, मी! गेल्या दिवाळीला तूच मला उटणं लावलंस की!"

"ओळखपत्र."

जावयांनी हसत हसत पाकिटातून कार्ड काढलं. आकारामनं ते उन्हात धरलं, जावयांच्या गालाजवळ नेलं, पुन्हा उन्हात धरलं.

"ह्यातलं माणूस मिशीचं हाय."

"अरे, मिशी काढली मी!"

"मग मिशी घेऊन या."

जावई कडुनिंबाखाली जाऊन बसले. तासाभरानं अक्का देवळातून आली तेव्हा जावयांचा चेहरा मिरचीसारखा झाला होता आणि पुड्यातले पेढे एक होऊन गेले होते. आत येऊन त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. आलेल्या गाडीनं परत गेले.

अक्का खालीच बसली. "अरं, जावयाला कोण ओळखपत्र मागतं व्हय! माझा फोन बघ. माझं तोंड दिसलं की आपणहून उघडतो. तसं करायचं. तोंड ओळखीचं दिसलं की दार उघडायचं, आत न्यायचं, च्या पाजायचा. जितकी जुनी ओळख तितका मान जास्त."

"व्हय अक्का. फोनवाणी उघडतो."

आणि आकारामनं ध्यानात ठेवलं.

आता गावात आकारामच्या सर्वांत जुन्या ओळखीचं तोंड कुणाचं? दुंडाप्पाचं. लहानपणापासून रोज समोर. एक दिवस अक्का बँकेत गेलेली पाहून दुंडाप्पा सहज म्हणून डोकावला. आकारामनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि फोनसारखा उघडला. चहा दिला. जुनी ओळख म्हणून दोन कप दिला. मान जास्त म्हणून थेट भाजणीच्या खोलीत नेऊन पाटावर बसवला.

दुंडाप्पाला स्वतःच्या नशिबावर विश्वास बसेना. आकाराम बशी धुवायला वळला तसा त्यानं कोपऱ्यातल्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. ते पोतं लवंगी मिरचीच्या पुडीचं होतं. घाबरून त्यानं हात काढला आणि त्याच हातानं कपाळाचा घाम पुसला. घाम डोळ्यात उतरला.

अक्का आली तेव्हा दुंडाप्पा आंधळ्यासारखा भिंत चाचपत बाहेर पडत होता आणि आकाराम त्याला दारापर्यंत सोडत होता. "सावकाश जावा. पुन्हा या."

अक्कानं आत धावत जाऊन पोती बघितली. पोतं उजवीकडचं होतं म्हणून निभावलं. डावीकडच्या पोत्यात ती चीज होती.

तिनं दुसऱ्याच दिवशी कॅमेरे बसवून घेतले. एक डंकावर, एक भाजणीच्या खोलीत. चित्र ओसरीवरच्या टीव्हीवर. बायांना आपली मिरची बसल्या जागी दिसेल आणि अक्काला आकाराम दिसेल, असा एका खर्चात दोन कामांचा सौदा.

"आता काय करशील ते कॅमेऱ्यासमोर करायचं," अक्का म्हणाली. "आडोशाला काय करायचं न्हाई. कळलं?"

"व्हय अक्का. ध्यानात ठेवतो."

सकाळी आकारामनं राखुंडीनं दात घासले. कॅमेऱ्यासमोर. गुळणी भरली, कॅमेऱ्याकडं बघत दोन्ही गालांत फिरवली. मग बनियन बदलली. ओसरीवरच्या बायांनी डंकावरची नजर काढून टीव्हीवर लावली. डंकाच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडत होतं. त्यानं धोतराच्या गाठीला हात घातला तेव्हा तानूबाई नावाच्या एका म्हातारीनं मधल्या सुनेचे डोळे झाकले. स्वतःचे उघडे ठेवले. पण आकाराम गाठ फक्त आवळत होता.

मग त्यानं कढई ठेवली, डावीकडच्या पोत्यात हात घातला आणि मूठ कॅमेऱ्यासमोर नेली.

"अक्का, भाजायला घेतो. दिसतंय का नीट? का जवळ आणू?"

समोर दुंडाप्पा आपल्या गल्ल्यावर चढून उभा राहिला होता. मूठ उघडायला लागली. अक्कानं गादीवरून उडी मारली आणि टीव्हीची वायर हिसडली. वायरीबरोबर टीव्ही आला, टीव्हीबरोबर फळी आली, फळीबरोबर गणपतीचा फोटो आला. फोटो तानूबाईनं झेलला. बाकीचं फुटलं.

"अरं मुडद्या!" अक्काला धाप लागली होती. "गुपिताची वस्तू झाकायची असती! ज्याचं गुपित त्याचं त्याला. परक्याच्या नजरेला पडू द्यायचं न्हाई. वर काहीतरी टाकायचं!"

"मग आधी सांगायचं न्हाई व्हय, अक्का," आकाराम म्हणाला. "आता ध्यानात ठेवतो."

आणि त्यानं ध्यानात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी डंकावर दहा-बारा बायांची रांग. पहिलीची मिरची डंकात पडली मात्र, आकारामनं ट्रकवर टाकतात तसली ताडपत्री आणली आणि डंकावर, मिरचीवर, पाट्यांवर, चाळणीवर सगळीकडं पांघरली.

"ए! माझी ब्याडगी दिसंना!"

"दिसायची न्हाई. तुमची मिरची म्हंजे तुमचं गुपित. परक्याच्या नजरेला पडू द्यायचं न्हाई."

"अरं, मी परकी व्हय? मिरची माझी हाय!"

"मावशी, तुमच्या डाव्या अंगाला बघा. परक्याच हायत."

बायांनी एकमेकींकडं बघितलं. खरंच परक्या होत्या. मग ज्या संशयानं त्या आजवर नुसत्या डंकाकडं बघायच्या, त्याच संशयानं एकमेकींच्या पिशव्यांकडं बघायला लागल्या. एक बाई ताडपत्रीखाली शिरली ती आपली मिरची शोधायला. तिच्यामागून दुसरी शिरली ती पहिलीवर लक्ष ठेवायला. आत डंक चालूच होता. दोघी बाहेर आल्या तेव्हा कोण कुठली, हे त्यांच्या घरच्यांनाही सांगता आलं नसतं. शिंकत, खोकत, शिव्या देत सगळ्या अर्धी कांडलेली मिरची घेऊन दुंडाप्पाकडं गेल्या.

अक्कानं ताडपत्री ओढून बाजूला टाकली.

"आकाराम," ती हात जोडून म्हणाली, "गिऱ्हाइकापासनं लपवायचं नसतं रं. गिऱ्हाइकाला जे लागतंय ते त्यानं विचारायच्या आधी मोठ्या अक्षरात फळ्यावर लिवायचं. ज्याला वाचता येत न्हाई त्याला मोठ्यानं वाचून दाखवायचं. एकदा न्हाई कळलं तर दोनदा."

"व्हय अक्का. ध्यानात ठेवतो."

रुसलेल्या बायांना परत आणायचं तर काहीतरी द्यायला हवं होतं. अक्कानं गावात दवंडीसारखं पसरवलं: आमच्या डंकावर बसणाऱ्याला वायफाय फुकट. चटणी होईपर्यंत मालिका बघा. तिनं जोडणीवाल्याला सांगून ठेवलं आणि स्वतः मिरची खरेदीला ब्याडगीला गेली.

जोडणीवाला शहरातून आला होता. भिंतीवर डबा ठोकला, दिवे लागले. त्यानं आकारामला विचारलं, "दादा, पासवर्ड काय ठेवू?"

"ते काय असतं?"

"कुलपासारखं असतं. नाव, गाव, जन्मतारीख असलं सोपं ठेवू नका. लोक लगेच ओळखतात. बाहेरच्या कुणालाही माहीत नाही आणि तुम्ही कधी विसरणार नाही, असं काहीतरी सांगा."

आकारामनं विचार केला. असं त्याच्याकडं एकच होतं.

"आंब्याची कोय भाजून," तो म्हणाला.

जोडणीवाल्यानं बोटं चालवली. "कच्चा पासवर्ड म्हणतंय. आकडे पण पाहिजेत."

"किलोला दोन कोयी."

"अजून थोडा मोठा करा."

"वर एक मूठ ओवा. तिळाच्या तेलात."

"भक्कम!" जोडणीवाला खूश झाला. "दादा, असा पासवर्ड मी आजवर बघितला नाही. कधी फुटलाच, तर तुमच्या फोनवरून असा इथून बदलायचा." बदलायचं कसं ते त्यानं दोनदा दाखवलं. आकारामनं ध्यानात ठेवलं. मग खडू घेतला, फळा पुसला आणि गिऱ्हाइकानं विचारायच्या आधी, हाताएवढ्या अक्षरात लिहिलं.

संध्याकाळी अक्का एसटीतून उतरली तर गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. दुकान भरलं होतं, ओसरी भरली होती, पायऱ्या भरल्या होत्या. अक्काचा जीव सुपाएवढा झाला. वायफायचा गुण! मग तिला आवाज ऐकू आला. शाळेत पाढे म्हणतात तसं सगळ्या बाया एका सुरात म्हणत होत्या.

"आंब्याच्या कोयी! दोन! भाजून तिळाच्या तेलात! ओवा! एक मूठ!"

फळ्याशेजारी आकाराम छडी घेऊन एकेका शब्दावर टेकवत होता. तानूबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून तिच्यासाठी दोनदा. आणि पहिल्या बाकावर, चष्मा लावून, दुंडाप्पा. फोन हातात होता पण बघत होता फळ्याकडं.

"या अक्का," तो उठून नमस्कार करत म्हणाला. "तुमचं नेट लई झकास, पासवर्ड तर त्याहून झकास. माझं तर सगळं काम झालं."

"मला वाटलं दगडफूल असंल," तानूबाई म्हणाली.

अक्कानं पिशवी टाकली. "आकाराम! पूस ते! पूस म्हणते ना! सगळ्यांस्नी कळलं रं ते! बदल, आत्ताच्या आत्ता बदल!"

"फुटला व्हय?" आकाराम म्हणाला. "काळजी करू नका, अक्का. मला बदलता येतंय."

त्यानं फळा स्वच्छ पुसला. खडू हातात घेऊन थोडा वेळ उभा राहिला. बाहेरच्या कुणालाही माहीत नाही असं आता आणखी काय आहे, याचा तो मनापासून विचार करत होता. मग त्याचा चेहरा उजळला. त्यानं हाताएवढ्या अक्षरात लिहिलं:

अक्काघरच्याआमटीलादुंडाप्पाचामसालावापरते

दुंडाप्पानं चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. आकारामनं तेच फोनमध्ये घातलं, बघितलं आणि मान हलवली.

"कच्चा म्हणतंय," तो म्हणाला. "आकडा राहिला की!"

"किती वापरती रं, लेकरा?" तानूबाईनं विचारलं.

आणि आकारामनं शिकवल्याप्रमाणे, वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात सांगितलं, "महिन्याला एक किलो! सणावाराला दोन!"