चुंदीची ओली गोधडी

एक होती चिचुंद्री. तिचं नाव चुंदी. नाक हे एवढं लांब! छोट्या रेवूच्या अंगणात, भिंतीखाली चुंदीचं बीळ. बिळात एक चिंधी. तीच चुंदीची गोधडी.

एके दिवशी चुंदी जागी झाली. शी! काय हा वास!

चुंदीने स्वतःलाच हुंगलं. "अगंबाई, मीच का? चिचुंद्री ना मी, वास यायचाच!"

तेवढ्यात पाय भिजले. बुडबुड बुडबुड! संडासाचा पाइप फुटला होता. घाण पाणी थेट बिळात! गोधडी ओलीचिंब! चुंदीला रडूच आलं.

"आता मी झोपू कशात?"

निघाली चुंदी. तुरुतुरु तुरुतुरु. गेली दस्तगीरचाचांकडे. चाचा होते प्लंबर.

"चाचा, चाचा, पाइप बदला!
पाइप बदलत नाही, माझी गोधडी वाळत नाही!"

चाचा म्हणाले, "पाइप आहे जमिनीत. आधी खड्डा, मग पाइप. जा हौसामावशीकडे."

तुरुतुरु तुरुतुरु. मावशीच्या खांद्यावर कुदळ.

"मावशी, मावशी, खड्डा खण!
खड्डा होत नाही, पाइप बदलत नाही.
पाइप बदलत नाही, माझी गोधडी वाळत नाही!"

मावशी म्हणाली, "खणू कशी बाई? उंबराचं मूळ आडवं आलंय. आधी मूळ, मग खड्डा."

तुरुतुरु तुरुतुरु. चुंदी गेली उंबराकडे.

"उंबरदादा, उंबरदादा, मूळ काढ!
मूळ निघत नाही, खड्डा होत नाही.
खड्डा होत नाही, पाइप बदलत नाही.
पाइप बदलत नाही, माझी गोधडी वाळत नाही!"

उंबर म्हणाला, "तहान लागली, म्हणून तर पाइपात घुसलो! रेवू अंगणात न्हायची, पाणी मला मिळायचं. हल्ली ती आंघोळच करत नाही. आधी पाणी, मग मूळ."

तुरुतुरु तुरुतुरु. रेवू बसली होती फुगून.

"रेवू, रेवू, आंघोळ कर!
पाणी मिळत नाही, मूळ निघत नाही.
मूळ निघत नाही, खड्डा होत नाही.
खड्डा होत नाही, पाइप बदलत नाही.
पाइप बदलत नाही, माझी गोधडी वाळत नाही!"

रेवू म्हणाली, "नाही जा! आधी मला हसव, मग आंघोळ."

"हसवू? अगं, मलाच रडू येतंय! आणि हे माझं नाक बघ. घरी आधी नाक पोचतं, मग मी पोचते! आज तर गंमतच झाली. वास आला पाइपाचा, आणि मी हुंगलं मलाच!"

रेवू हसली. खी खी खी! हसता हसता बसली अंगणातल्या न्हाणीच्या दगडावर.

धबाधब धबाधब! रेवूने केली आंघोळ.
गटगट गटगट! उंबर पाणी प्यायला.
सर्रकन मूळ निघालं.
खच्च खच्च! मावशीने खड्डा खणला.
खटाक! चाचांनी फुटका पाइप काढला, नवा बसवला.

बुडबुड थांबली. बीळ सुकलं. रेवूने गोधडी साबणाने धुतली, दोरीवर वाळत घातली. वाळली की हो गोधडी!

चुंदी गोधडीत शिरली. अहाहा! काय हा वास!

"अगंबाई, मीच का?"

चुंदीने स्वतःला हुंगलं. छे! ती आपली चिचुंद्रीच. छान वास गोधडीचा!

चुंदी खुदकन हसली आणि झोपली. सगळी चुंदी आत, नाक तेवढं बाहेर.

आता बाळा, तुझं नाक गोधडीत घे पाहू!