नांदखडकचं कोरडं टाकं

नांदखडकच्या डोंगरावर अर्ध्या वाटेत, कातळाच्या आडोशाला एक टाकं आहे. माणूसभर खोल, पण आडवंतिडवं फुटलेलं. पाऊस कितीही कोसळो, पाणी भेगांतून निघून जातं आणि टाकं कोरडं ते कोरडंच. दर वैशाखात गावात लेखनशिबिर भरतं. शहरातली पंधरा-सोळा वर्षांची मुलंमुली येतात, शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून राहतात, आणि पहिल्याच सकाळी त्यांना या टाक्यावर आणलं जातं. मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. एवढ्या उन्हात चढून आलो, ते हा खड्डा बघायला? मग गावच्या देवीचे पुजारी महादूअण्णा गुरव टोपी काढून कातळावर टेकतात. "हसून घ्या," ते म्हणतात, "आमीबी ल्हानपणी हसलो व्हतो." आणि मग ते ही कथा सांगतात.

असं सांगतात, की इथं पूर्वी बारमाही झरा होता. त्याची धार या टाक्यात पडायची, करंगळीएवढी, पण भर उन्हाळ्यातही कधी तुटली नाही. गावाचा रिवाज असा, की दारी आलेल्या तहानलेल्याला घरातला तांब्या भरून द्यायचा, हवा तर गुळाचा खडाही द्यायचा, पण झऱ्याची वाट मात्र सांगायची नाही. "पाणी मागा, वाट मागू नका," असं गावकरी पाहुण्याला हसत हसत सांगत. यात कंजूषपणा नव्हता. झरा गावापुरताच होता, हे गावाला ठाऊक होतं.

झऱ्याची राखण गुरवांच्या येसाआत्याकडे होती. बालपणीच विधवा होऊन ती माहेरी आली, आणि टाकं उपसून साफ करण्यात, पाला काढण्यात तिचा जन्म गेला. तिच्या भावाचा मुलगा लिंबाजी तिच्या कडेवर बसूनच पहिल्यांदा झऱ्यावर गेला म्हणे. आत्याचा त्याच्यावर फार जीव.

त्या काळी वैशाखात शेतं मोकळी पडली, की राणबा नावाचा एक म्हातारा शाहीर नदीकाठच्या आमराईत मिसरूड फुटलेली पोरं गोळा करायचा आणि त्यांना कवन बांधायला शिकवायचा. शिबिरच म्हणा ना! त्याचा धडा एकच होता. बांधायचं ते आपल्या गावचं, आणि डोळ्यांनी पाहिलेलं. "ऐकनाऱ्यानं डोळं मिटलं, तर त्येची पावलं तुमच्या गावात पडली पायजेत," असं तो पोरांना बजावायचा.

लिंबाजी तेव्हा सोळा वर्षांचा होता. गळा गोड, पण कवन बेताचं. त्यानं गावची देवी कवनात बांधली, तर राणबा सगळ्यांदेखत म्हणाला, "अरं लिंबाजी, तुजी देवी शेजारच्या गावच्या देवीवानीच दिसती की रं!" पोरं खो-खो हसली. लिंबाजीच्या ते फार जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवसापासून तो आमराईच्या टोकाला एकटाच बसू लागला, आणि त्यानं झरा बांधायला घेतला. जांभळीपासून डावीकडे वळणारी पायवाट, वाकून शिरावं लागतं ती कपार, आधी कपाळाला लागणारा आणि मग ओठांना लागणारा गारवा, सगळं जसंच्या तसं. रिवाज त्याला आठवत नव्हता असं नाही. पण वाट सांगायची नाही असा रिवाज आहे, गायची नाही असं कोण म्हणालंय, अशी त्यानं मनाची समजूत घातली. हौसेला निमित्त लागतं, दुसरं काय.

शिकवणीच्या शेवटी पोरं बाजारात फडावर उभी राहत. त्या वर्षी नदीवर कुणा सरदाराची छावणी पडली होती आणि नदी आटत आली होती. लिंबाजी गायला, तेव्हा बाजारानं डोळे मिटून ऐकलं. सरदारानं आपल्या हातातलं चांदीचं कडं काढून त्याच्या हातात घातलं. राणबानं त्याला मिठी मारली. त्या दिवशी आपल्याइतकं सुखी कुणी नाही, असं लिंबाजीला वाटलं, आणि ते खरंही होतं.

सकाळी छावणीची माणसं घोडी घेऊन डोंगर चढली. त्यांनी कुणाला वाट विचारली नाही. विचारायची गरजच नव्हती. एवढ्याशा धारेवर छावणीचं भागेना, म्हणून तोंड रुंद करायला त्यांनी कातळात सुरुंग लावला. पाणी एकदम उसळलं, माणसांनी जयजयकार केला, आणि बघता बघता कातळाच्या पोटात कुठंतरी निघून गेलं. छावणी दुसऱ्या पाण्यावर गेली. गाव कुठं जाणार?

लिंबाजी आत्यासमोर जाईना. शेवटी गेला, तेव्हा ती कोरड्या टाक्यातला पाला वेचत होती. त्यानं कडं तिच्या पायांशी टाकलं. "आत्या, मला मार."

तिनं मारलं नाही. "समद्या बाजारानं तुजं कवन ऐकलं म्हनं," ती म्हणाली. "म्याच तेवढी ऱ्हायले. म्हन की."

तो रडत रडत गायला. आत्यानं डोळे मिटले. गारव्याची ओळ आली, तेव्हा तिचा हात आपसूक कपाळाकडे गेला. "असंच व्हतं रं," ती म्हणाली. "आता पानी तुज्या गळ्यात तेवढं ऱ्हायलंय. ह्ये तरी राख. पोराबाळांना ऐकीव."

पण लिंबाजीला तो गळाच नकोसा झाला होता. टाक्यावर हात ठेवून त्यानं शपथ घेतली, की हे कवन पुन्हा ओठांवर आणणार नाही. लोक म्हणाले, केवढं प्रायश्चित्त! आत्यानं मात्र मरेपर्यंत त्याच्या विनवण्या केल्या. त्यानं ऐकलं नाही.

वर्षं गेली, झरा पाहिलेली माणसं एकेक करून गेली. लिंबाजी म्हातारा झाला. एके उन्हाळ्यात नदीवरून घागरी आणणाऱ्या सुना त्याच्या ओट्यावर टेकल्या. त्यातली एक म्हणाली, "मामंजी, आमी काय तो झरा बघितला न्हाई. कसा व्हता, सांगा की." तेव्हा त्याला आत्या आठवली. शपथ मोडून गायला म्हणून त्यानं तोंड उघडलं, आणि काहीच आलं नाही. जांभळ आठवली, वळण आठवलं, पुढची ओळ गेली होती. जन्मभर मुक्या ठेवलेल्या गळ्यातून कवन केव्हा निघून गेलं, ते त्याला कळलंही नव्हतं. "नको तिथं गायलो," तो ओक्साबोक्शी रडत म्हणाला, "आन् पायजे तिथं गप बसलो."

उरलेल्या वैशाखांत तोच आमराईतली पोरं टाक्यावर आणू लागला, असं म्हणतात. आधी हे पाणी बांधा, आधी गावाला ऐकवा, गाव हो म्हणालं तर मग जगाला ऐकवा, असं तो त्यांना सांगे.

आजही शिबिरातली मुलं टाक्याच्या काठावर बसून न पाहिलेलं पाणी लिहितात. कुणी ते गोड लिहितं, कुणी दात शिवशिवतील इतकं गार. संध्याकाळी गावातली म्हातारी माणसं चढून येतात आणि प्रत्येकाचं कान देऊन ऐकतात. न जाणो, एखाद्या मुलानं ते अगदी होतं तसं लिहिलंही असेल. पण असंच होतं म्हणून सांगणारं आता गावात कुणी नाही.