कुसुंबगडाची कमान

ढगांच्या मांडीला मांडी लावून बसलेला एक गड होता, कुसुंबगड. त्याच्या पायथ्याशी हौसा नावाची चिमुकली मुलगी राहायची. तिची आई डोक्यावर ताकाचा माठ घेऊन रोज गड चढे आणि दमलेल्या पाहुण्यांना थंडगार ताक विके. त्यावरच घर चालायचं. पण वर एका कड्यापाशी पायवाट निम्मी ढासळली होती. हौसाचे बाबा तिथूनच पडले आणि अंथरुणाला खिळले. आता आई तिथून कड्याला चिकटून पाऊल टाकायची, आणि मागे हौसा भीतीने डोळे मिटून घ्यायची.

पायथ्याशी एक पेटी होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'वाटेच्या डागडुजीसाठी'. येणारा प्रत्येक पाहुणा तिच्यात आनंदाने पैसे टाकी. त्या पैशांतून आधी गुलाबी दगडांची कमान उभी राहिली, कारण कड्यावरून पडण्यापूर्वी माणसाचं नीट स्वागत व्हायला हवं. मग पेटी सांभाळणाऱ्या समितीसाठी गुबगुबीत खुर्च्या आल्या, कारण वाटेची काळजी उभ्याने करता येत नाही. आईने जाऊन विचारलं, तेव्हा अध्यक्ष दादासाहेब म्हणाले की विषय पुढच्या बैठकीत घेऊ. बैठका होत राहिल्या, पेटीतल्या पैशांचे काजू संपत राहिले आणि वाट ढासळत राहिली.

एका सकाळी करवंदीच्या जाळीत हौसाला काहीतरी लुकलुकताना दिसलं. पाहुण्यांनी फेकलेल्या वेफर्सच्या पाकिटात एक इवलीशी परी अडकली होती. केसांत दवाचे मणी, पाठीवर मोरपंखी पंख. हौसाने तिला हळूच सोडवलं आणि फुंकर घालून पंखांवरचं मीठ उडवलं.

"माग काय हवं ते," परी म्हणाली. "एकच गोष्ट हं. आणि मला नवं काही घडवता येत नाही. जे जिथलं आहे, ते तिथे नेऊन ठेवता येतं, एवढंच."

हौसाने आधी बाबांच्या पायाचं विचारलं. परीने खिन्नपणे मान हलवली. ते तिच्या हातात नव्हतं.

"मग वाटेसाठी दिलेलं सगळं वाटेवर येऊ दे," हौसा म्हणाली. "आई पडायला नको."

परीने पंख फडफडवले. सोनेरी, जांभळ्या, हिरव्या इवल्या ठिणग्या उडाल्या. कमानीचे गुलाबी दगड टुणटुण उड्या मारत डोंगर चढले आणि कड्यापाशी पायऱ्या होऊन बसले. खुर्च्या दुडूदुडू धावत आल्या. त्यांच्या लाकडाचा कठडा झाला. काजू मात्र सदस्यांच्या पोटात होते, म्हणून सदस्यच वर आले. विकत आणून कधीच न वापरलेली घमेली त्यांच्या डोक्यावर येऊन बसली.

दादासाहेबांनी कड्यावरून खाली पाहिलं. ते चटकन मागे सरले.

"इथून माणसं जातात?"

"मी जाते की रोज," तिथे येऊन पोचलेली आई म्हणाली. "माठ घेऊन."

दादासाहेब खडी पसरू लागले. खाल्लेले काजू फिटेपर्यंत कुणालाच खाली उतरता येईना. काहींना बराच वेळ लागला.

वाट पक्की झाली तेव्हा आई माठ घेऊन ताठ मानेने निघाली. परी हौसाच्या खांद्यावर बसली होती.

"स्वतःसाठी काहीच मागितलं नाहीस, वेडाबाई."

हौसाने पायऱ्या चढणाऱ्या आईकडे बोट दाखवलं. "ती काय."

परी हसली, इतकी हसली की तिचा उजेडच झाला. आधी केशरी, मग पिवळा, मग पांढराशुभ्र. आई वर पोचेपर्यंत तो उन्हात मिसळून गेला.