न धुतलेली चांदणी

उंबरदऱ्याच्या ओढ्यात हा पसरट काळा खडक दिसतोय ना, तो चांदणीचा खडक. चपला तिकडं काढा, आणि ते वेफरचं पाकीट आपल्याच खिशात ठेवा. मागं कुणी शहाणे इथं अंड्याची टरफलं टाकून गेले, ती मला उचलावी लागली. मधोमध तो पांढुरका डाग बघा, आठ टोकांचा. पावसाळ्यात अख्खा खडक बुडतो, पण पाणी ओसरलं की डाग सगळ्यात आधी कोरडा. हे असं का, ते आमच्याकडं ज्या रीतीनं सांगतात त्याच रीतीनं मी सांगते.

फार मागं या गावात तुंगाक्का म्हणून बाई होती. कापडाच्या व्यापाऱ्याची विधवा, मूलबाळ नाही, खायला-प्यायला कमी नाही. तिला नाद एकच, वाकळा शिवायचा. वाकळ म्हणजे तुमची गोधडी हो. आम्ही ती थंडीसाठी शिवतो, जुनं लुगडं वाया जाऊ नये म्हणून शिवतो. तुंगाक्का शिवायची चांदण्यांसाठी. शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे कातरून टोकाला टोक जुळवलं, की आठ पाकळ्यांची चांदणी व्हायची. इरकलीचे काठ, खणाचे तुकडे, काय काय जमवलेलं. एखाद्या बाजारात जांभळ्या रेशमाची चिंधी हाती लागली, तर बाई जेवण विसरून तिच्याकडं बघत बसायची म्हणे.

पण नाक असलं तिखट की विचारू नका. शिंप्याकडची चिंधी दोन बोटांच्या चिमटीत धरून घरी आणायची, रिठ्याच्या पाण्यात उकळायची, वाळवायची, परत उकळायची. एवढं करून अर्धी वाकळ झाली की तिला कुठूनतरी घामाचा वास यायचा, नाहीतर कुणाच्या डोक्याच्या तेलाचा. झालं! शिसारी येऊन ती वाकळ पेटीत जायची. माळ्यावरची मोठी पेटी अशा अर्ध्यामुर्ध्या वाकळांनी भरली होती, आणि पुरी झालेली म्हणाल तर एक नव्हती.

तिच्या गोठ्यातलं शेण काढायला ठकी यायची. ओढ्यापलीकडच्या झोपडीत सासू गोदाई आणि तान्ही लेक, एवढाच तिचा संसार. गोवऱ्या थापून पोट भरायची. लुगड्याला शेण, धूर, घाम, आणि लेक झाल्यापासून पदराला दुधाचा आंबूस वास. तुंगाक्का पदर नाकाला लावून लांबूनच तिच्या ओंजळीत भाकरी टाकायची. ठकीला ते कळत नव्हतं थोडंच! पण पोटासाठी माणसाला बरंच गिळावं लागतं. एकदा तिनं धीर करून विचारलं, पोरीच्या वाकळेला एक चांदणी द्याल का. अक्का हो म्हणाली आणि विसरून गेली.

पुढं गोवऱ्यांच्या ढिगात ठकीला साप चावला. वैदू येईपर्यंत सगळं संपलं होतं.

पोर अंगावर पिणारी. गोदाईनं शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं तोंडात पिळलं, ते तिनं थुंकून टाकलं. शेजारच्या बाळंतिणीनं छातीशी धरलं, तिनं तोंड फिरवलं. आधी पोर रडून गाव डोक्यावर घ्यायची, मग तिचं रडणंही बंद झालं. रडणारं पोर बरं, पण गप्प पडलेलं पोर बघून बायकांचं काळीज हाललं. गोदाई म्हणाली, ही आता आईच्या मागं जाणार.

तुंगाक्काला तेव्हा आपला शब्द आठवला. आईवेगळ्या लेकराची वाकळ आईच्याच लुगड्याची करतात, म्हणून तिनं ठकीचं लुगडं मागितलं. गोदाईनं ठकीच्या रोजच्या वापरातलं, खुंटीला तसंच लटकलेलं लुगडं काढून दिलं. अक्कानं ते काठीवर लोंबकळवत घरी आणलं. त्यातला जरा बरा तुकडा कातरून घेतला आणि पदर, दुधानं ताठ झालेला ओंगळ पदर, काठीनंच उकिरड्यावर ढकलला. घेतलेला तुकडा रिठ्यात उकळला, राखेच्या पाण्यात उकळला, रंग उडेस्तोवर उकळला. मग चांदणी कातरली. पेटीतल्या एका अर्धवट वाकळेच्या मधोमध ती बसवली आणि आयुष्यात पहिल्यांदा बाईची वाकळ पुरी झाली. कशाचाही वास येत नव्हता. तिला कोण अभिमान वाटला!

झोपडीत वाकळ अंथरली तेव्हा बायका बघतच राहिल्या. पोरीला चांदणीवर निजवलं. तिनं मान वळवली, तोंड कापडावर घासलं, काहीतरी शोधलं. सापडलं नाही. मान परत सरळ झाली.

गोदाईनं चांदणी नाकाशी नेली आणि विचारलं, "धुतलंस व्हय गं, अक्का?"

एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. आजवर तुंगाक्काला सगळ्या गावाची किळस यायची, त्या घटकेला तिला स्वतःचीच आली. उठली, ओढा ओलांडला आणि थेट उकिरड्यावर गेली. घोट्यापर्यंत पाय रुतले. कुजकी पानं, राख, खरकटं, मेलेली घूस. हात घातला, ओकली, तोंड पुसलं, परत हात घातला. शेवटी पदर हाती आला. आता त्यातला ठकीचा वास नेमका कुठला? त्या बाईनं, जी भाकरीसुद्धा लांबून टाकायची, तिनं तो घाणीनं माखलेला पदर नाकाला लावला आणि वीत वीत हुंगत गेली. इथं राख. इथं शेण. इथं नुसती सडकी घाण. आणि आतल्या एका घडीत, जिथं उकिरडा शिरला नव्हता, तिथं दूध. ती तिथंच रडली म्हणतात.

तेवढी घडी उराशी धरून ती झोपडीकडं निघाली, तर ओढ्याला लोंढा आलेला. कशीबशी या खडकापर्यंत पोचली, पुढं पाऊल टाकवेना. कमरेच्या पिशवीत सुई-दोरा आणि कात्री कायमची. इथंच बसली, कापड मांडीखालच्या दगडावर पसरून पाकळ्या कातरल्या आणि टोकाला टोक जोडत सुटली. पाणी चढायला लागलं तेव्हा तिनं गावदेवीला हाक मारली, "आई, एवढ्याला पाणी लागू देऊ नकोस. पुन्हा कुणाच्या अंगाची किळस करणार नाही."

पाणी म्हणे खडकाला वळसा घालून गेलं. चांदणी ठेवलेल्या जागी थेंबसुद्धा पडला नाही.

ओढा उतरल्यावर तिनं धुतलेली चांदणी उसवली आणि ही बसवली. पोरीनं त्यात नाक खुपसलं आणि झोपली. उठल्यावर शेळीचं दूध प्यायली, तोंड न फिरवता. तिनं पुढं संसार केला, आम्ही तिचेच वंशज. तुंगाक्कानं पेटी रिकामी केली. ज्याच्या त्याच्या घरची चिंधी मागून आणून एकेक वाकळ पुरी केली आणि वाटून टाकली.

आजही उंबरदऱ्यात बारशाची वाकळ याच खडकावर धुतात, वाकळेची मधली जागा मात्र मोकळी ठेवतात. चांदणी मागाहून बसते, आईच्या अंगावरच्या, न धुतलेल्या लुगड्याची. ती आधी हातोहात फिरते आणि प्रत्येक बाई नाक लावून हुंगते. जिनं नाक मुरडलं तिला टाका घालू देत नाहीत, मग ती सख्खी आजी असो. परवा माझ्या नातसुनेची आई शहरातून आली होती, अत्तर लावून. चांदणी हातात आल्यावर तिनं रुमाल काढला. मी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि माझ्या पणतीला तिच्या मांडीवर ठेवलं. मग हुंगली तिनं. डोळे मिटून बराच वेळ हुंगली, आणि सुई मागितली.