तिवराखालचा ओटा

"फांदी तोडली नाही. सालीला हात लावला नाही. मग झाड का वाळतंय, आक्का?"

खाडीकाठच्या मठीत आक्का तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कुठलं?"

"माझं. मी बसतो ते तिवर."

वामन दसऱ्याला आला होता. माणसांचा वीट आलाय, एकांत हवा, मला कुणी लागत नाही, असं त्याने आल्या आल्याच सांगितलं होतं.

"मग मी तरी कशाला?" आक्का म्हणाल्या होत्या, आणि कांदळवनाच्या कडेचं एक जुनं तिवर त्याला दाखवलं होतं.

आता शिमगा जवळ आला होता. एकांत पुरेपूर मिळाला होता. ओहोटीला चिखलावर खेकडे दिसत. पाऊल वाजलं की सगळे बिळांत. मग नुसता चिखल… आणि तो.

पलीकडच्या गावातून त्याची धाकटी बहीण शेवंता अधूनमधून होडीने यायची. भाकऱ्या आणायची. "मी इथे नाही म्हणून सांगा," असं तो आक्कांना सांगून ठेवायचा. आज सकाळीही सांगितलं होतं.

आक्का उठल्या. काठी टेकत त्याच्याबरोबर निघाल्या.

तिवराच्या बुंध्याभोवती जांभ्या दगडांचा ओटा होता. ऐसपैस, वर मुरूम ठोकून सपाट केलेला. त्यावर पिवळी पानं पडली होती.

"छान बांधलास."

"चिखलातून खिळ्यांसारखी मुळं वर आली होती, आक्का. बसूच देत नव्हती. टोचायची. उंच होती ती कोयत्याने कापली. बाकीची मुरमाखाली घातली."

"मग?"

"मग सगळं शांत झालं." वामनने बुंध्यावर हात ठेवला. "मी ह्याच्याशी बोलायचो. रोज."

"ते काय म्हणायचं?"

वामनने ओट्यावरचं एक पिवळं पान उचललं.

आक्का खाली बसल्या. ओट्यावर नाही, चिखलात. दोन दगड ढकलून त्यांनी काठीच्या टोकाने मुरूम उकरला. एक मूळ निघालं, काळं पडलेलं. ते त्यांनी वामनच्या तळहातावर ठेवलं.

"चिखलात हवा नसते. झाड ह्यातून श्वास घेतं."

वामन हाताकडे बघत राहिला. लांब एक बगळा उडाला आणि पुन्हा तिथेच जाऊन बसला.

मग तो गुडघ्यांवर बसला. हातांनी मुरूम काढू लागला. नखांत खडे गेले, तरी काढत राहिला.

"जगेल का हे?"

"माहीत नाही."

"नवी मुळं येतील?"

"आली तर टोचतील."

ओटा अर्धा उघडा पडला. खाली ओला, काळा चिखल होता. त्याला वास येत होता.

"आक्का… सकाळी शेवंता काय म्हणाली?"

"म्हणाली, आता पुन्हा यायची नाही."

वामनचे हात थांबले.

"गेली ती?"

आक्कांनी खाडीकडे पाहिलं. पाणी अजून फार दूर होतं, बारीकशी रेघ.

"भरती आल्याशिवाय होडी हलत नाही."